सहावा रकाना

१२ जानेवारी १९५९, सोमवार. पहाटे पाच वाजून दहा मिनिटे.

वेळ मुद्दाम लिहून ठेवते आहे. पुढे पुरावा म्हणून लागेल. पाच वाजून दहा मिनिटांनी जाग आली ती उजव्या बाजूला खिळा ठोकल्यासारखी. कंदिलाकडे पाहवेना. उठून खिडकी उघडली, तर समोर शेजारच्या सोनाबाई कोळणीच्या वलांडी.

मुंबईच्या वकिलाला कळणार नाही म्हणून हेही लिहिते. वलांडी म्हणजे बांबूंचे उंच मांडव. कोळी लोक त्यांवर बोंबील वाळवतात. एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टांगायची. हजारो जोड्या. सगळ्यांची तोंडं उघडी, जणू माझ्यावर हसताहेत. अकरा रांगा. माझ्या खिडकीपासून वीस पावलं. पलीकडे समुद्र, पण तो पाहायचा कोणी?

आणि वास. डिसगस्टिंग हा शब्द कॉन्व्हेंटमध्ये वापरायला बंदी होती. इथे दुसरा शब्द नाही.

वास आहे. डोकं दुखतं. चौथीतल्या मुलीलाही संबंध कळेल.

डोकेदुखीची एक पुडी घेतली, चहाबरोबर. सव्वासहाला बरं.

हे घर मी ऑगस्टात पाहिलं. किनारा धुतलेला, हवा स्वच्छ, समोर नुसता समुद्र. घरमालकाने एका शब्दाने सांगितलं नाही. पाऊस संपला आणि एके सकाळी उठते तो बांबू उभे. सोनाबाईला तेव्हाच विचारलं होतं, हे काय? म्हणाली, "पावसात कोन वाळवतंय गो बाय?" वर मलाच हसली. मला 'तू' म्हणते. एकतीस वर्षं शाळेत मला कोणी 'तू' म्हटलं नाही, इन्स्पेक्टरनेसुद्धा नाही.

निश्चय: या वलांडी हलवून दाखवीन.

१३ जानेवारी, मंगळवार.

रेवदंड्याला डॉ. शिवदास मोकल यांच्याकडे. वय तीस असेल. मिशी नुकतीच सुचलेली. बाकावर दोन तास बसवलं. माझ्या आधी एक खोकला, दोन गळवं.

इतिहास सांगितला. वय चौदा, कॉन्व्हेंटचं चॅपेल. खिडकीच्या रंगीत काचा एकाएकी नागमोडी हलायला लागल्या. अर्ध्या तासाने अर्धं डोकं फुटलं आणि मी मदर बर्नाडेटच्या बुटांवर ओकले. मदर म्हणाल्या, हे दुःख देवाला अर्पण कर. देवाने घेतलं नाही. तेव्हापासून महिन्यातून एकदा-दोनदा. अंधार, उलटी, दुसऱ्या दिवशी शाळा. पण दिवाळीपासून रोज. रोज! मग वलांडींचं सांगितलं, नीट, वीस मिनिटं.

त्याने डोळ्यांत टॉर्च मारला. म्हणाला, अर्धशिशी हा खरा आजार आहे, मनाचे खेळ नाहीत. (हे मला माहीत आहे. पण कोणी तोंडाने म्हणालं ते पहिल्यांदाच. तेवढ्यासाठी टॉर्च कशाला?) पुढे म्हणाला, महिन्यातून दोनदाची रोजची का झाली ते शोधू. तीन महिने रोज लिहा. कधी दुखलं, झोप किती, काय खाल्लं, आसपास काय होतं, औषध काय घेतलं.

म्हटलं, रजिस्टर ठेवण्यात माझं आयुष्य गेलंय.

१४ जानेवारी, बुधवार.

रजिस्टर आखलं. पाच रकाने. तारीख-वेळ, दुखणं (दहापैकी गुण), झोप, जेवण, वास. औषधाचा सहावा रकाना आखायला गेले तर पानावर सुबक बसेना. तसंही मी औषध घेत नाही. पुडी म्हणजे औषध नव्हे. औषध दवाखान्यात मिळतं. पुडी बदरुद्दीनच्या किराणा दुकानात साबणाशेजारी मिळते.

रजिस्टर पक्कं, डॉक्टरला द्यायचं. ही वही कच्ची, माझ्यापुरती.

संध्याकाळी सोनाबाई तिळगूळ घेऊन आली. बरोबर कागदात सुके बोंबील. परत करणं वाईट दिसलं असतं. घरकामाच्या ठमीने कांदा, मिरची, कोकम घालून परतले. दोनदा भात घेतला.

रजिस्टरात लिहिलं: जेवण – भात, भाजी.

१९ जानेवारी, सोमवार.

ग्रामपंचायतीकडे अर्ज क्रमांक एक. तीन नकला. सरपंच कोंडाजी अर्ज उलटा धरून वाचत होते असं ठमी सांगते. तिला वाचता येत नाही, तेव्हा तिला उलटा-सुलटा कसा कळला हा प्रश्न आहे. पण मला शक्य वाटतं.

दुखणं सात. वास नऊ. पुड्या दोन. म्हणजे दोन चहा.

२६ जानेवारी, सोमवार.

गावच्या शाळेत झेंडावंदन. मला भाषणाला बोलावलं. पंचवीस मिनिटांचं तयार केलं होतं, विषय डिसिप्लिन. झेंडा वर जाताना त्याच्याभोवती नागमोडी उजेड. चार मिनिटांत आटोपलं. टाळ्या फार झाल्या. संशयास्पद.

एक पुडी आधी, एक नंतर. तिसरी घेतली कारण डबा उघडाच होता.

कोंडाजींना अर्जाचं विचारलं. म्हणाले, "बघू, बाई."

बघू! लेखी द्या म्हटलं. म्हणाले, "लेखी पन बघू."

३ फेब्रुवारी, मंगळवार.

ठमीचा उपाय. सूर्य उगवायच्या आत तोंड न धुता गूळ-तूप खायचं, उगवेपर्यंत कोणाशी बोलायचं नाही. अर्धशिशी सूर्याबरोबर चढते म्हणे. शुद्ध अंधश्रद्धा. पण शास्त्रीय वृत्ती म्हणून करून पाहिलं. सूर्य अर्धा वर आला असता सोनाबाईची कोंबडी स्वयंपाकघरात शिरली. कोंबडीला जे म्हणायचं ते म्हटलं. उपाय फुकट गेला. दोष कोंबडीच्या मालकिणीचा.

दुखणं आठ. अर्ज क्रमांक दोन, कोंबडीसह.

११ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी अकरा.

आज समोरासमोर. रजिस्टर घेऊन वलांडीखाली गेले. सोनाबाई खाली बसून जबडे अडकवत होती. हात थांबवले नाहीत. मी तिला चार आठवड्यांच्या नोंदी वाचून दाखवल्या. सोळा तारीख, पहाटे पाच. सतरा, पहाटे साडेचार. अठरा, पहाटे पाच. म्हटलं, यावर तुझं काय म्हणणं?

ती विचारात पडली. मला वाटलं, लागलं. मग म्हणाली, "बाय, पहाटं दुखतंय?"

रोज.

"पहाटं तर मतलई असते."

मतलई म्हणजे काय, विचारलं. पहाटेचा वारा, जमिनीवरून दर्याकडे जाणारा. त्या वाऱ्यावर होड्या बाहेर पडतात. दुपारी तो उलटतो, दर्यावरून आत येतो. "माजे बोंबील दर्याच्या अंगाला, तुजं घर भुईच्या अंगाला. पहाटं माजा वास दर्यात जातो. दुपारी येतो तुज्याकडं. दुपारी दुखतंय का?"

दुपारी मी बरी असते, पण तो प्रश्न नव्हता. मी तिला सांगितलं, वास ही सूक्ष्म गोष्ट आहे, तिला वाऱ्याची गरज नसते.

ती म्हणाली, "मग शिडाला पन नसंल."

आसपासच्या चार बायका हसल्या. या लोकांना वाऱ्यातलं काय कळतं?

निघताना तिने एवढंच सांगितलं, पावसाचे चार महिने होड्या वर ओढलेल्या असतात, तेव्हा हे वाळवलेलं विकून सात माणसं जेवतात. हे ती मला ऐकवत नव्हती. सांगत होती. म्हणून जास्त राग आला.

घरी येऊन दोन पुड्या.

२४ फेब्रुवारी, मंगळवार.

ठमीला ताप, म्हणून बदरुद्दीनकडे स्वतः गेले. काहीही न मागता त्याने पुड्यांचं खोकं पुढे केलं. म्हणाला, "बाई, आमच्या अख्ख्या मोहल्ल्याला लागत नाहीत एवढ्या पुड्या तुमच्या एकट्या घराला लागतात. अल्ला खैर करो, घरात माणसं किती?"

एक, म्हटलं.

त्याने खोकं थोडं मागे ओढलं. उद्धट दुकानदार. बारा घेतल्या.

निश्चय: उद्यापासून दिवसाला एकच. गरज आहे म्हणून नव्हे. लोकांची तोंडं बंद व्हावीत म्हणून.

२५ फेब्रुवारी.

आजचा अपवाद.

२६ फेब्रुवारी.

आजचा दिवस कालच्यात धरला.

९ मार्च, सोमवार.

अर्ज क्रमांक तीन. उत्तर नाही. पहाटे पावणेचारला जाग. डोकं आता माणसासारखं वाट पाहत बसतं, मी कधी उठते आणि डबा उघडते याची. वासाचा परिणाम साठत जातो, हे सिद्ध होत आलं आहे.

२२ मार्च, रविवार.

आता खरी परीक्षा! परवा होळी. शिमग्याला कोळी होड्या काढत नाहीत. आठवडाभर मासळी नाही, वलांडी रिकाम्या. आज शेवटची जोडीसुद्धा उतरवली. नुसते बांबू. वास शून्य. रजिस्टरात आगाऊ लिहून टाकलं: २३ ते २८ मार्च, दुखणं शून्य. शाईने.

डॉक्टर मोकलना चिठ्ठी पाठवली, ३१ तारखेला निकाल घेऊन येते.

२४ मार्च, मंगळवार. होळी.

दुखणं नऊ. ढोल. ढोलाचं दुखणं वेगळं धरलं पाहिजे.

२६ मार्च, गुरुवार.

ढोल नाही. दुखणं नऊ. पुड्या पाच, पण लहान.

२८ मार्च, शनिवार.

स्पष्टीकरण सापडलं. वास बांबूत मुरलेला आहे. मासळी काढून उपयोग नाही, बांबूच काढले पाहिजेत. सहा शून्यं खरवडताना पान फाटलं. सबंध पान नव्याने उतरवलं. अक्षर फार चांगलं आलं.

सोनाबाईने पुरणपोळी पाठवली. वर तूप. खाल्ली. रजिस्टर: पोळी.

३१ मार्च, मंगळवार. संध्याकाळी सहा.

पेनचं निब मोडलं. रागाने.

डॉक्टरने रजिस्टर पाहिलं. म्हणाला, असं सुंदर रजिस्टर मी आयुष्यात पाहिलं नाही. मी मान तुकवली. मग विचारलं, "औषधाचा रकाना?"

म्हटलं, घेत नाही.

त्याने टेबलाच्या खणातून कागदाचा कपटा काढला. हा माणूस बदरुद्दीनच्या दुकानात जाऊन चौकशी करून आला होता! जानेवारीत बहात्तर. फेब्रुवारीत एकशे दहा. मार्च, कालपर्यंत, एकशे चौसष्ट. दुकानदार आणि डॉक्टर संगनमताने एका बाईच्या पुड्या मोजतात.

मग मला शिकवू लागला. पुडीने डोकं उतरतं. पुडीचा अंमल गेला की डोकं पुन्हा चढतं आणि नवी पुडी मागतं. रात्रभर पुडी नसते, म्हणून पहाटे सर्वांत वाईट. "बाई, अर्धशिशी तुमची महिन्यातून दोनदाचीच आहे. बाकीचे अठ्ठावीस दिवस पुडीचे आहेत. पुडी पूर्ण बंद करा. पहिले आठ-दहा दिवस भयंकर जातील. एकट्या राहू नका. मग सुटाल. खरी अर्धशिशी येईल तेव्हा मी गोळी देईन, महिन्यात दोन, जास्त नाही."

आणि वास?

"त्याने कोणाकोणाचं दुखतं. तुमच्या रजिस्टरवरून तुमचं दुखत नाही."

माझ्याच रजिस्टरवरून! मी म्हटलं, पुडी बंद करून मी तुम्हाला खोटं पाडीन. तो म्हणाला, जरूर पाडा.

उद्यापासून पुडी बंद. दहा दिवस. केवळ त्याला खोटं पाडण्यासाठी.

१ एप्रिल. दुखणं नऊ. पुड्या नाहीत.

२ एप्रिल. अर्धी घेतली. अर्धी म्हणजे पुडी नव्हे.

३ एप्रिल. उरलेली अर्धी. टाकून कशाला द्यायची?

४ एप्रिल, शनिवार. दुपारी तीन.

वाचवत नाही, बसवत नाही, लिहिणं मात्र भाग आहे. अर्ज क्रमांक चार, अंतिम. नक्कल जिल्ह्याच्या साहेबांना. इंग्रजीतून, कारण मराठीतून लिहिलं की बघू म्हणतात. आशय असा: 'सदर वलांडी दिनांक २५ एप्रिलपूर्वी न काढल्यास माझ्या जिवाला होणाऱ्या अपायाची जबाबदारी पंचायतीवर राहील.' 'लाइफ' या शब्दाखाली दोन रेघा. अर्ज लिहायला चार पुड्या लागल्या. सरकारी कामाला लागलेल्या पुड्या माझ्या खात्यात धरत नाही.

९ एप्रिल, गुरुवार.

डब्यात एक. ठमीला पुड्यांना पाठवलं. रिकामी आली. बदरुद्दीन म्हणाला, डॉक्टरने मना केलंय, आणि उद्या ईद, दुकान सोमवारपर्यंत बंद. ठमी तशीच माणगावला बहिणीच्या लग्नाला निघाली. सगळ्यांना आत्ताच सण आणि लग्नं.

१० एप्रिल. डबा रिकामा. पुन्हा पाहिला. रिकामा. दहापैकी दहा.

दुपार. दहापैकी अकरा. पद्धतीत बसत नाही.

११ एप्रिल. उजेड नको

१४ एप्रिल, मंगळवार.

आता लिहवतं. थोडं.

शुक्रवारी संध्याकाळी सोनाबाई आली. मी बोलावलं नव्हतं. उलटीचा आवाज वलांडीपर्यंत गेला म्हणे. दारात उभी राहून म्हणाली, "काय गो बाय, एकटीच मरतेस?" आणि आत आली. विचारलं नाही. होडीचं जुनं शीड आणून खिडकीवर टांगलं. काळोख. माझ्या कपाळाला सुंठ उगाळून लावली, लुगड्याची चिंधी फाडून घट्ट बांधली. मग माझ्याकडे पाठ करून जाळं विणत बसली. चार दिवस. किनाऱ्यावर होडीला खिळे ठोकत होते. दारातूनच ओरडली, "बंद करा रे, बायचं डोकं हाय हितं!" आणि बंद झालं. मी तीन महिने अर्ज करते आहे.

शनिवारी मी तिला म्हटलं, बदरुद्दीनच्या घरी जा आणि एक पुडी आण, नाहीतर मी मरेन. गेली. परत आली ती वाटीभर शीरखुर्मा घेऊन. पुडी नाही. त्याच्या बायकोने, जहुराने, सांगितलं, एवढं घ्या, त्याने पोटाला बरं वाटेल. मी सोनाबाईला नको ते बोलले. म्हटलं, तुझ्यावर तक्रार करीन.

म्हणाली, "कर. पन आधी पानी पी."

दोन चमचे शीरखुर्मा खाल्ला. दोन दिवसांत पोटात राहिलेली पहिली वस्तू.

शिडाला मासळीचा वास होता. अंधारात चार दिवस त्याच्याखाली निजले. रजिस्टरात वास हा रकाना रिकामा ठेवला आहे. घाईत राहिला.

२२ एप्रिल, बुधवार. सकाळी सहा चाळीस.

जाग आली. काहीतरी चुकल्यासारखं. पडून विचार केला, काय हरवलं? पाच मिनिटांनी लक्षात आलं. डोकं दुखत नाही. दिवाळीनंतर पहिल्यांदा.

श्रेय शिडाचं. काळोख हा खरा उपाय, असं माझं पूर्वीपासून मत होतं. डॉक्टरच्या दिवसांशी गाठ पडली हा योगायोग.

सहावा रकाना आखून पाहिला. बसतो. बाकीचे पाच किंचित अरुंद करावे लागतात, एवढंच. दहा तारखेपासून तेरा शून्यं भरली. लाल शाईने.

दुपारी वारा फिरला. बोंबलांचा वास थेट घरात आला. भूक लागली.

तो अर्ज परत घ्यायला हवा. उद्या जाईन. नाहीतर परवा. घाई नाही. ही पंचायत माझ्या हयातीत बांबूची एक काडी हलवणार नाही.

२७ एप्रिल, सोमवार. सकाळी साडेदहा.

हलवली.

काठी आपटल्यासारखा आवाज झाला म्हणून शीड बाजूला केलं. पंचायतीचा पट्टेवाला, चार माणसं, कोयते. सात रांगा आडव्या झाल्या होत्या. अर्धे ओले बोंबील वाळूत. मी पायात चप्पल न घालता धावले. काय चाललंय विचारलं. पट्टेवाल्याने मला नमस्कार केला आणि पाकीट दिलं. आत कागद. तीन महिने मागत होते ते लेखी उत्तर. एक ओळ:

'आपल्या दि. ४ एप्रिलच्या अर्जानुसार व वरून आलेल्या हुकुमान्वये कार्यवाही पूर्ण केली आहे. कळावे.'

खाली शिक्का. शेजारी अंगठा. अंगठा कोणाचा, विचारलं. सोनाबाईचा. तिची हरकत नाही म्हणून.

सोनाबाई वाळूतून बोंबील वेचून टोपलीत टाकत होती. म्हटलं, अगं, अंगठा का दिलास? नाही म्हणायचं!

"कागदावं तुजी सही हाय म्हनले. तुज्या जिवाला धोका हाय म्हनले. तुजी काय हालत झालती ती मीच बगितली ना डोल्यानं? मग नाय कशी म्हनू?" टोपली कमरेला लावली. मग वर पाहून विचारलं, "आता बरं पडंल ना गो बाय?"

पायाशी पडलेला एक बोंबील उचलून मी तिच्या टोपलीत टाकला.

अकराव्या रांगेपर्यंत मी तिथेच उभी होते. घरातून समुद्र आता स्वच्छ दिसतो. अगदी ऑगस्टसारखा. पाहवत नाही.

२८ एप्रिल, मंगळवार. दुपारी चार.

पंचायतीत गेले. कोंडाजी खुर्चीवरून उठून उभे राहिले. म्हणाले, "बाई, झालं ना मनासारखं? तुमी लिवलं इंग्रजीत, वरून साहेबाचा कागद आला. आमी तर नुसतं बगतच होतो."

म्हटलं, वलांडी आज परत उभ्या करा. मान हलवली. साहेबांचा हुकूम आहे, आता अर्जाशिवाय होणार नाही. ज्याने तक्रार केली त्याने लिहून द्यायचं, तक्रार चुकीची होती. "दोन ओळी खरडा, बाई. तुमाला काय, लिवायची सवयच हाय."

येत्या सात तारखेची अमावास्या. त्या उधाणाला बोंबील भरपूर लागतो, आणि पावसाआधीचा तो शेवटचा. त्याच्या आत बांबू उभे झाले नाहीत तर सोनाबाईच्या घरी पावसाळ्यात विकायला काही नाही. हे कोंडाजींनी मला सांगितलं. मला माहीत होतं.

घरी येऊन लिहायला बसले. 'तक्रार चुकीची होती.' साडेतीन शब्दसुद्धा नाहीत. एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुकांखाली लाल रेघ ओढली, स्वतःच्या नावापुढे हा शब्द कसा काढायचा ते हाताला माहीत नाही. पहिला मसुदा: तक्रार वेळेआधी होती. दुसरा: तक्रार योग्य, परंतु वारा अयोग्य. पाचवा तर कोंबडीवर गेला. फाडले.

साडेतीनला कागदावर नागमोडी उजेड. आता उजवी बाजू. ही खरी, जुनी, चॅपेलमधली. गेल्या आठवड्यात डॉक्टरने दिलेली गोळी घेतली, महिन्यातली पहिली. सहाव्या रकान्यात लिहिली: गोळी एक, पुड्या शून्य. सोनाबाई बाहेर बांबू मोजून रचून ठेवते आहे. मोडले किती, उरले किती. तिने शीड परत नेलं नाही. अंधारात झोपायच्या आत हे पुरं करायला हवं. शेवटी वाट सापडली. फेअर कॉपी:

'मा. सरपंच यांस,

दिनांक २७ रोजी पंचायतीने सोनाबाई यांच्या अकरा वलांडी पाडल्या हे पाहून मला तीव्र संताप आला आहे. ही कारवाई ज्या बाईच्या अर्जावरून झाली, ती बाई त्या काळात दिवसाला पाच-सहा पुड्या घेत होती, हे गावातल्या दुकानदारासही ठाऊक होतं. तिने ठेवलेलं रजिस्टर सुबक परंतु अपुरं होतं. पहाटे वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो आणि त्या वेळी वलांडीचा वास तिच्या घरात येणं शक्य नाही, हे किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोरालाही कळतं. तिला समक्ष सांगूनही कळलं नाही. अशा बाईच्या सांगण्यावरून पंचायत एका कष्टाळू शेजारणीचं घर उघड्यावर आणते, याला काय म्हणावं? तिची तक्रार सर्वस्वी चुकीची होती. सर्व वलांडी होत्या तशा, होत्या तिथे, पंचायतीच्या माणसांनी उभ्या कराव्यात. मोडलेल्या बांबूंच्या जागी नवे सदर बाईकडून घ्यावेत. तिच्या अर्जाची शहानिशा का झाली नाही, आणि तिला आजवर कोणी जाब का विचारला नाही, याचं लेखी उत्तर शनिवार दिनांक २ मे १९५९, दुपारी बाराच्या आत मला मिळालंच पाहिजे.

कोकिळा ताम्हाणे'